उसाला गेला होता

फाशीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या कोर्टाच्या आवारात पेढे वाटले गेले. वाटणारे मेलेल्यांचे नातेवाईक नव्हते, वकील होते. काळे कोट घालून, पेढ्यांचा पुडा हातात धरून बार रूममध्ये टेबलाटेबलापाशी फिरत होते. पुडा माझ्यापुढं आला तेव्हा मी विचारलं, "कोणाचं बारसं?" समोरचे ज्येष्ठ वकील हसले. "अहो मॅडम, त्या सालगड्याला फाशी लागली ना!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माणूस मारायच्या आनंदात मी गोड खात नाही," म्हणाले आणि उठून बाहेर आले. त्यानंतर बरेच दिवस मी दिसले की कोणीतरी हळूच म्हणायचं, "मॅडमना शुगर आहे." हसा म्हणावं खुशाल.

कुठलं कोर्ट ते सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं एक, एवढं पुरे. मी तिथं कैक वर्षं वकिली करते. बांधाची भांडणं, वाटण्या, पोटगी हेच माझं काम. खुनाच्या खटल्याशी माझा संबंध वर्तमानपत्रापुरता.

गुन्हा काय होता ते आधी सांगते, कारण ते लपवून पुढचं बोलले तर ती लबाडी होईल. झरीच्या पलीकडं एका खेड्यात एक बरं शेतकरी कुटुंब आहे. त्यांच्याकडं हा पोरगा सालगडी होता. म्हणजे पाडव्याला साल ठरवायचं, वर्षभर शेतात राबायचं आणि शेतातल्या आखाड्यावरच, म्हणजे गोठ्याशेजारच्या खोपीत, राहायचं. वय विशीच्या थोडं पुढं, लग्न झालेलं नाही. एका दुपारी आखाड्यावर त्यानं कुऱ्हाडीनं मालकाच्या म्हाताऱ्या आईला आणि मालकाच्या लहान मुलीला मारलं. मालक आणि त्याची बायको बाजाराला गेले होते. ते परत आले तेव्हा हा गोठ्यात बैलांपुढं कडबा टाकत होता. अंगावरचं रक्त तसंच होतं. पळाला नाही, लपला नाही. त्या पोरीनं नुकतंच शाळेत जायला सुरुवात केली होती. तिचा फोटो मी फाइलमध्ये पाहिलाय आणि तो विसरता येत नाही. ह्या बाईला मेलेल्यांचं काही नाही असं ज्याला म्हणायचंय त्यानं आधी तो फोटो पाहावा, मग माझ्याशी बोलावं.

पोलिसांनी सांगितलं, चोरीसाठी खून. म्हातारीच्या गळ्यातली पोत त्याच्या खिशात सापडली म्हणे. आता मला सांगा, पोतीसाठी दोन जीव घेणारा माणूस नंतर बैलांना वैरण टाकत बसेल का? शेंबड्या पोरालाही हा प्रश्न पडला असता. अख्ख्या खटल्यात तो कोणी विचारला नाही.

विचारणार तरी कोण? आमच्या बारनं, म्हणजे वकील संघानं, ठराव केला होता की ह्या नराधमाचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. असले ठराव बेकायदा आहेत, वरच्या कोर्टानं ते स्पष्ट सांगितलंय, आणि हे ठराव करणाऱ्यांनाच सगळ्यांत जास्त माहीत आहे. तरी टाळ्यांच्या गजरात पास झाला. ह्याच मंडळींना मी वेगळंही पाहिलंय. एका पुढाऱ्याच्या भाच्यानं दारू पिऊन गाडीखाली मजूर घातला होता. त्याचं वकीलपत्र घ्यायला कशी धावपळ उडाली होती! तेव्हा नराधम हा शब्द कोणाला सुचला नाही. तेव्हा तो दुर्दैवी अपघात होता आणि पोराचं करिअर होतं.

शेवटी कायदेशीर मदतीतून एक नवखा वकील दिला गेला. पोरगा वाईट नव्हता. पण एकीकडं बारचा ठराव, दुसरीकडं रस्त्यावर मोर्चे, त्यात घरचे म्हणतात हे लचांड सोड. कोर्टाच्या व्हरांड्यात, बेडी घातलेल्या माणसाला, दोन पोलिसांच्या मधोमध त्यानं विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" तो म्हणाला, "न्हाई." झाली मुलाखत. गावात तो गेला नाही. "गेलो असतो तर लोकांनी मलाच बडवलं असतं, मॅडम," असं त्यानं मला नंतर सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. आरोपीच्या आईशी तो एकदाच बोलला, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी. पोराला कधी काही आजार होता का? आई म्हणाली, "न्हाई बाबा. मव्हं लेकरू लय गुणाचं. धडधाकट." आधी काय काम करायचा? "त्याच्या आदल्या साली उसाला गेला होता." त्यानं 'ऊसतोड मजूर' एवढं लिहून घेतलं आणि तिचा विषय संपला.

कायदा म्हणतो, दोषी ठरवल्यावर शिक्षेची वेगळी सुनावणी घ्या. हा माणूस कोण, कसा वाढला, सुधारेल का, हे बघा आणि मग ठरवा. इथं सकाळी दोषी ठरवलं, मधी जेवणाची सुट्टी झाली आणि दुपारी फाशी दिली. बचावाचा वकील उभा राहिला, म्हणाला, "आरोपी तरुण आहे, गरीब आहे, दया करावी." आणि बसला. निकालात लिहिलं की आरोपीच्या बाजूनं विचारात घ्यावं असं काही आढळून आलं नाही. अहो, आढळायला आधी कोणीतरी शोधावं लागतं! माझ्याकडं दोन भावांच्या बांधाचा दावा आहे. त्यात मोजणी झाली, पंचनामा झाला, फेरमोजणी झाली, साक्षीदारांच्या रांगा लागल्या, आणि अजून तारखा चालूच आहेत. हातभर जमिनीला एवढी चौकशी लागते आणि माणूस मारायचा का जगवायचा हे जेवणाच्या सुट्टीनंतर उरकतं. अजूनही हे आठवलं की मला बसवत नाही.

सेशन कोर्टानं दिलेली फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय देता येत नाही. ते प्रकरण वर गेलं, आणि एके दिवशी मला पुण्याहून एका मुलीचा फोन आला. फाशीच्या शिक्षेविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेत ती होती. हायकोर्टानं ह्या माणसाच्या आयुष्याची माहिती मागवली होती, आणि तिला इथलं, इथली भाषा बोलणारं कोणीतरी हवं होतं. मी म्हणाले, "मी फौजदारीतली नाही." ती म्हणाली, "तुम्ही पेढा घेतला नाही असं कळलं." म्हणजे माझ्या शुगरची कीर्ती पुण्यापर्यंत गेली होती. आमचे हे शिक्षक आहेत, शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "बांधावरून थेट फासावर? जरा जपून उडी मार." मी म्हणाले, मारलीच आता.

त्या गावात मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोणी बडवलं नाही. तोंडं मात्र सगळ्यांनी फिरवली. पोराचं घर वस्तीच्या टोकाला, दोन पत्र्यांच्या खोल्या. बाप कधीच वारलेला. घरात आई आणि धाकटी बहीण. आईनं चहा केला, त्यात साखर ओतली, आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागली, "बाई, आमच्यात कोणाला काही न्हाई. खाऊन पिऊन सुखी होतो आमी. लेकराला म्या काही कमी पडू देलं न्हाई." लहानपणी कुठून पडला होता का? न्हाई. शाळा का सोडली? मन लागत नव्हतं. कधी दवाखाना? कव्हाच न्हाई. आदल्या वर्षी कुठं होता? उसाला गेला होता. बहीण दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. आई तिच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हिची सोयरीक झालीया. देवगाव फाट्याकडली माणसं हायेत. लय चांगली. एवढं समदं होऊनबी त्यांनी शब्द मोडला न्हाई."

मी शेजारी विचारलं, किराणा दुकानात विचारलं, पारावर विचारलं. सगळीकडं तेच. पोरगा नीट होता. कामाचा होता. उसाला गेला होता. संस्थेतल्या मुलीला मी फोनवर चिडून म्हणाले, "अख्ख्या गावानं पाठ केल्यासारखं एकच वाक्य आहे. मी काय कपाळ लिहू?"

त्याच दिवसांत त्या मुलीनं परभणीला एक सभा ठेवली होती. फाशी का नको ह्यावर. हॉल मोठा आणि माणसं पुढच्या दोन रांगांत मावतील एवढी. निम्मे आमच्या ह्यांचे सहकारी, भिडेखातर आलेले. मी बोलायला उभी राहिले. आजवर आपल्याकडं फाशी कोणाला होते ते बघा म्हणाले, ज्याला धड वकील नसतो त्याला होते. मागून आवाज आला, "मॅडम, तुमच्या घरचं असतं तर?"

मी पाहिलं. मेलेल्या म्हातारीचा मुलगा, त्या पोरीचा बाप. पांढरा सदरा, हातात टोपी.  मी खरं तेच सांगितलं, की माझ्या घरचं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. कदाचित मीही फाशीच मागितली असती. तो बसेल असं मला वाटलं, पण तो उभाच राहिला.

"फाशी देऊन मही माय येणार न्हाई, मही लेक येणार न्हाई. एवढी अक्कल मलाबी हाय," तो म्हणाला. "पण तुमी समदे शिकले-सवरले माणसं, एकानं तरी मला सांगितलं का, त्यानं हे कामून केलं? आधी तो लय चांगला होता. लहानपणापसून बघितलेला पोरगा. एक साल उसाला गेला अन् आला तो बदलून आला. एकटाच बडबडायचा. विहिरीशी बोलायचा. आमी हसायचो. उसात त्याला काय झालं, हे कोर्टानं इचारलं का? पोलिसानं इचारलं का? पोत म्हणे! मह्या मायला त्यानं मागितली असती तर पोत काय, तिनं बाळी काढून देली असती कानातली." मग टोपी घातली आणि निघून गेला. माझं भाषण तिथंच संपलं.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. उसात काय झालं? मग कोणत्या कारखान्याला गेला होता, टोळी कोणाची होती, हे शोधावं म्हणून मी विचार करायला लागले, आणि एकदम लक्षात आलं. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला ट्रकच्या ट्रक भरून जातात. ते बघतच आम्ही मोठे झालो. तिथं एकट्या माणसाला कोणी नेत नाही. नवरा-बायकोची जोडी लागते, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, आणि त्या जोडीला म्हणतात एक कोयता. एकटा गेला तर तो अर्धा कोयता, त्याला दुसरा अर्धा जोडून द्यावा लागतो. ह्या पोराचं लग्न नव्हतं. बहीण गावात होती, आई गावात होती. मग त्याच्या जोडीला कोण होतं? हे जिल्ह्यातल्या कोणालाही सुचावं असं आहे. सरकारी वकील इथलेच, फौजदार इथलाच, बचावाचा वकील तर ज्या गावचा त्या गावातून निम्मी माणसं उसाला जातात. कोणाला गरजच वाटली नाही.

दुसऱ्या खेपेला मी चहा घेतला नाही. म्हणाले, "मावशी, कोणत्या कारखान्याला गेला होता?"

"तिकडं, खाली."

"खाली म्हणजे कुठं? मुकादम कोण होता?"

"म्हाईत न्हाई बाई."

"मुकादमाशिवाय उसाला कोण जातं? बरं, जोडीला कोण होतं ते तरी सांगा. अर्धा कोयता तुमचा पोरगा. दुसरा अर्धा कोण?"

आईचा चेहरा असा उतरला की मला विचारल्याचं वाईट वाटलं. ती उठली. "तुमी जा बाई," म्हणाली. "उठा. जा मह्या घरातून." मी उठले. काय करणार?

मी गावाबाहेर रस्त्यावर ऑटोची वाट बघत उभी होते. मागून बहीण आली, डोक्यावर रिकामी घागर घेऊन, पाण्याला निघाल्यासारखी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा उसाला गेलाच न्हवता, ताई. दर्ग्यात होता."

मग तिनं सगळं सांगितलं. त्याला आवाज यायचे. विहीर बोलते म्हणायचा. अंगावरचे कपडे फाडायचा, रानात पळून जायचा. आईनं आधी देवऋषी केला, मग कोणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दर्ग्याचं नाव सांगितलं. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत तो तिथं पायात साखळी घालून बसला होता, त्याच्यासारख्या आणखी काही जणांच्या रांगेत. दर्ग्यातल्या माणसांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी त्याला जागा दिली, दोन वेळा जेवू घातलं, तेवढं तरी कोणी दुसऱ्यानं केलं नव्हतं. आई दर गुरुवारी बाजाराचं नाव सांगून त्याला बघायला जायची. आणि गावात सांगायची, उसाला गेलाय. कारण घरात वेड आहे असं कळलं असतं तर पोरीला कोणी करून घेतलं नसतं. आमच्याकडं पोरगी बघायला येतात तेव्हा आधी हेच बाहेरून काढतात, त्यांच्यात कोणाला काही आहे का.

"मंग पाडव्याला जरा शांत झाला," ती म्हणाली. "मायनं आणला अन् सालानं ठिवला. आखाडा गावापसून लांब हाय. तिथं राहिला तं कोणाला दिसणार न्हाई, म्हणून ठिवला." घागर तिनं खाली ठेवली होती. ती परत उचलली. "तिला म्हाईत होतं ताई. म्हणून ती बोलंना. तिथं बारकी पोरगी येती, म्हातारी येती, हे तिला म्हाईत होतं."

मला त्या क्षणी त्या आईचा संताप आला, खोटं कशाला सांगू? पण ऑटोत बसून परभणीकडं येताना तो संताप माझ्याच्यानं तिच्यावर ठेववेना. तिनं लपवलं ते कोणाच्या भीतीनं? आपल्याच ना. माझ्या ओळखीत एका मोठ्या घरचा पोरगा आहे. त्याला असंच झालं तेव्हा घरच्यांनी त्याला पुण्याला नेलं, मोठ्या डॉक्टरला दाखवलं, आणि आम्हाला सांगितलं, जरा डिप्रेशन आहे. आम्ही फळं घेऊन भेटायला गेलो. पुढं त्याचं लग्नही झालं, थाटात. उद्या त्यानं कोणावर हात उचलला तर पोलीस स्टेशनात तो पोचायच्या आधी त्याची फाइल पोचेल. त्याच्या आजाराला रिपोर्ट म्हणतात. हिच्या पोराच्या आजाराला बोभाटा म्हणतात, आणि तो होऊ नये म्हणून बाईनं पोराला दृष्टिआड केला. त्यात दोन जीव गेले आणि तिसरा जायच्या वाटेवर होता.

आता ते त्या मायलेकींना हायकोर्टापुढं प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागणार होतं. मी परत गेले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. हे सांगितलं नाही तर फाशी कायम होईल, जवळजवळ नक्की. सांगितलं तर वाचण्याची शक्यता आहे, पण हे जगजाहीर होईल, पेपरात येईल, देवगाव फाट्यापर्यंत जाईल. आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "एक लेकरू तं गेलंच बाई. दुसरीचं तरी सुखाचं होऊ द्या."

 बहिणीला मी आग्रह केला नाही. तिच्या लग्नाचा प्रश्न होता, मी कोण सांगणारी? पण परत येताना इतकी चिडले होते की ऑटोवाल्यानं दोनदा विचारलं, "मॅडम, काही झालंय का?" एका पोरीपुढं असा पर्याय ठेवायची वेळ आणणारी ही कसली व्यवस्था? खटला चालू असताना कोणी नीट चौकशी केली असती, डॉक्टरला दाखवलं असतं, तर हे सगळं बंद खोलीत, कागदावर, कोणाला न कळता झालं असतं. ते काम पगारी माणसांचं होतं. त्यांनी हात झटकले आणि ते ओझं ह्या पोरीच्या डोक्यावर आलं.

आठवडाभरानं माझ्या ऑफिसच्या दारात ती उभी राहिली. एसटीनं आली होती. मागं आई. मी खुर्ची दिली तर आई खालीच बसली. पोरगी म्हणाली, "ताई, लिहा. दादाच्या गळ्यात दोर अन् मह्या गळ्यात मंगळसूत्र, हे मला जमणार न्हाई." आई पदर तोंडाशी धरून रडत होती. मी कागद ओढला, लिहायला लागले. दर्गा, साखळी, गुरुवार. आखाड्याचा विषय आला तेव्हा मी थांबले, ते कसं लिहावं कळेना. आईनं तोंडावरचा पदर काढला.

"लिहा बाई," ती म्हणाली. "म्या ठिवलं त्याला तिथं. मला म्हाईत होतं अन् म्या ठिवलं. तसंच लिहा."

तसंच लिहिलं.

देवगाव फाट्याहून निरोप यायला वेळ लागला नाही. मधला माणूस येऊन सांगून गेला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. खुनाला ती माणसं बिचकली नव्हती. आजाराला बिचकली. खून काय, रागात कोणाकडूनही होतो म्हणे, वेड मात्र रक्तातून येतं. हे ऐकून मी त्या मधल्या माणसाला फोनवरून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हायकोर्टानं डॉक्टरांचं मंडळ नेमलं. त्यांनी जेलमध्ये त्याला तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि आजार लिहून दिला. औषधं चालू झाली. पुढं फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. पेपरात आलं, ‘नराधमाची फाशी टळली’. बार रूममध्ये मला बघून दोघं-तिघं उठून गेले. जाईनात का. पेढे मी वाटले नाहीत. दोन माणसं मेलेली होती, वाटण्यासारखं काय होतं?

त्या शेतकऱ्याला मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यानं विचारलं होतं, आणि एवढ्या माणसांत त्यालाच उत्तराचा हक्क सगळ्यांत जास्त होता. ओट्यावर बसून त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे त्याच्या मायला म्हाईत होतं?" मी हो म्हणाले.  "मला सांगितलं असतं तं," तो म्हणाला, "म्याच नेला असता त्याला दवाखान्यात. गाडी होती मह्याकडं." मी निघाले तेव्हा तो वेशीपर्यंत पोचवायला आला.

मग मी जेलमध्ये गेले. आतापर्यंत मी त्याला फक्त लांबून, बेडीत पाहिलं होतं. तो समोर बसला. अंग भरलं होतं, केस कापलेले. त्यानं वाकून नमस्कार केला. माय कशी हाय विचारलं, बहिणीचं लग्न झालं का विचारलं. मी म्हणाले, अजून नाही. मग तो हळूच म्हणाला, "ताई, गोळ्या चालू झाल्यापसून आवाज बंद झालेत. एकदम गप झालंय डोक्यात."

"बरं झालं," मी म्हणाले.

"आता मला समदं आठवायलंय." त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते.  "आजी मला म्हणली, बाबा, ऊन लय हाय, आत सावलीत ये. अन् ती बारकी माह्याकडं बघून हसायली होती. म्याच केलं न्हवं ते, ताई?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो रडला. मोठ्यानं नाही, खाली मान घालून, बराच वेळ. शिपाई दारातून आत डोकावला आणि मागं सरला. ह्या माणसाला आपण फासावर चढवायला निघालो होतो, आपण काय केलं हे त्याला कळायच्याही आधी.

त्यानं बाहीनं डोळे पुसले.  मग म्हणाला, "ह्या गोळ्या लय महाग असतील न्हाई? मायला कुठून जमल्या असत्या म्हणा."

मला वाटलं खोटं सांगावं. पण त्याच्याशी आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं.

"नाही रे," मी म्हणाले. "परभणीच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात."

"फुकट?" तो म्हणाला.